आधी गाव, मग बंदर

इंग्लंडातून कॅराव्हॅन घेऊन फ्रान्समध्ये जाण्याचा विचार ज्यांच्या मनात प्रथमच आला आहे, अशी आपली मराठी मंडळी सल्ल्यासाठी येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा बोटीविषयी असतो : बंदर कोणते धरावे, तिकीट केव्हा काढावे, समुद्र फार लागतो काय. प्रश्न स्वाभाविक आहे; तथापि आजवर काढलेल्या उन्हाळ्यांवरून माझे असे निश्चित मत झाले आहे की, बोटीचा प्रश्न तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमाने यावयास हवा. पहिला प्रश्न असा की, ज्या सकाळी आपण कसलीही घाई न करता चहाचे आधण ठेवणार आहोत, ती सकाळ फ्रान्सातल्या कोणत्या गावी उजाडावी अशी आपली इच्छा आहे? ते गाव ठरले म्हणजे बंदर ठरते, बंदर ठरले म्हणजे मजल-दरमजल मुक्काम कोठे पडणार हे ठरते, आणि मुक्काम ठरले म्हणजे किती सामान, कोणते कागद आणि कसला शिधा बरोबर घ्यावयाचा याची उत्तरे एकामागून एक सुटत जातात. बोटीपासून आरंभ केला, तर मात्र तिच्या वेळापत्रकाच्या मागे सबंध सुट्टी ओढली जाते.

येथे शब्दाचा खुलासा करणे अवश्य आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून तिकडील वाचकांच्या मनात या शब्दाने स्वतःच्या इंजिनावर चालणारी, आत बिछाने नि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी उभी राहते. ब्रिटनमध्ये तिला मोटरहोम म्हणतात. कॅराव्हॅन म्हणजे इंजिन नसलेले, मोटारीमागे जोडून ओढीत न्यावयाचे, चाकांवरचे घर. नौदलातून निवृत्त झालेले शल्यवैद्य गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली 'वाँडरर' नावाचे असे घर केवळ हौसेखातर बांधवून घेतले आणि दोन घोड्यांकरवी ते ओढवीत लांबचा प्रवास केला. १९०७ साली अशा हौशी लोकांचा क्लब स्थापन झाला आणि तो आजही नांदतो आहे. घोड्यांची जागा मोटारीने घेतली, एवढाच काय तो फरक. ओढणाऱ्याचे बळ आणि ओढल्या जाणाऱ्याचा भार यांचा मेळ बसविणे हेच त्या काळी या प्रवासाचे मर्म होते, आणि आजही तेच आहे.

आता एक उदाहरण घेऊन चालू. आपल्याला पेरिगोर प्रांताच्या उत्तर भागात, द्रोन नदीच्या काठी वसलेल्या ब्रांतोम या गावी जावयाचे आहे, असे समजा. नदीने गावाला चोहोबाजूंनी कवेत घेतले आहे, कड्याच्या पायथ्याशी बेनेदिक्तीन पंथाचा जुना मठ आहे, दर शुक्रवारी बाजार भरतो, आणि भोवतालच्या टेकड्यांवर अक्रोडाच्या बागा आहेत. या गावासाठी नवखा मनुष्य डोव्हर ते कॅले हा मार्ग निवडतो, कारण इंग्लिश खाडीची सर्वांत अरुंद वाट ती, बोट दीड तासात पलीकडे लावते आणि दिवसभरात खेपाही पुष्कळ होतात. परंतु कॅलेपासून ब्रांतोम सुमारे आठशे किलोमीटर आहे. पोर्ट्समथहून निघणारी बोट खाडीच्या रुंद भागातून दिवसा सुमारे सहा तासांत नॉर्मंडीमधील काँ शहराचे बंदर जे विस्त्रेआम, तेथे उतरविते, आणि तेथून ब्रांतोम साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे जाताना अडीचशे आणि येताना अडीचशे, अशी पाचशे किलोमीटरची ओढ वाचते. लंडनवासीयाला डोव्हर काय नि पोर्ट्समथ काय, अंतर जवळजवळ सारखेच. पोर्ट्समथच्या तिकिटाचा आकडा मोठा दिसतो हे खरे. पण वाचलेले इंधन, वाचलेला टोल आणि रस्त्यावरच्या एका मुक्कामाचे भाडे त्यातून वजा करून पाहावे, म्हणजे तो आकडा वाटतो तितका जड नाही हे ध्यानात येईल. शिवाय बोटीवरचे सहा तास हे चालकाच्या विश्रांतीचे तास होत, आणि त्यांची किंमत कोणत्याच तिकिटावर छापलेली नसते.

गाव बदलले की बंदरही बदलावे. ब्रिटनी प्रांताच्या पश्चिम टोकाकडे जावयाचे असेल, तर प्लिमथ ते रॉस्कॉफ हा मार्ग उत्तम. १९७३ च्या जानेवारीत तो सुरू केला ब्रिटनीच्या शेतकऱ्यांनी, आपला फुलकोबी नि आर्टिचोक इंग्लंडच्या बाजारात थेट पोहोचावा म्हणून. आणि ज्या बोटी भाजीसाठी निघाल्या, त्याच पुढे प्रवाशांच्या झाल्या. पोर्ट्समथ ते सँ-मालो ही बोट रात्रभर चालते. पूल ते शेरबूर, न्यूहेवन ते दिएप हे मार्ग सुमारे चार ते साडेचार तासांचे. डोव्हरहून कॅले अथवा डंकर्कचा मार्ग ईशान्य फ्रान्ससाठी, आल्सासच्या द्राक्षमळ्यांसाठी किंवा आर्देनच्या अरण्यांसाठी यथायोग्य आहे. तेथे त्याला पर्याय शोधू नये.

ऋतूविषयी माझे मत स्पष्ट आहे. मुलांच्या शाळेचे बंधन नसेल, तर जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर याखेरीज दुसरा काळ निवडू नये. १४ जुलैच्या राष्ट्रीय सणापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सारा फ्रान्स रस्त्यावर असतो, आणि या काळातल्या काही शनिवारांना तेथील वाहतूक खाते वाहनांच्या दाटीचा 'काळा' दिवस म्हणून आगाऊ जाहीर करते. १९७६ पासून चालत आलेल्या या अंदाजसेवेचे नाव 'बिझाँ फ्युते'; निघण्यापूर्वी तिचे वार्षिक पत्रक अवश्य पाहावे. शाळेमुळे ऑगस्टच पदरी पडला, तर शनिवार टाळून रविवारी मजल मारावी, कारण शनिवारी रात्री दहापासून रविवारी रात्री दहापर्यंत अवजड मालमोटारींना तेथे सामान्यतः बंदी असते आणि रस्ता मोकळा मिळतो. जूनच्या मध्यावर ल माँ शहरी चोवीस तासांची मोटारशर्यत होते. त्या आठवड्यात त्या परिसरातले कॅराव्हॅन लावण्याचे सर्व तळ भरलेले असतात, हेही विस्त्रेआमहून ब्रांतोमकडे जाणाऱ्याने लक्षात ठेवावे.

तिकीट काढताना लांबी आणि उंची खरी सांगावी. खरी म्हणजे कारखान्याच्या पुस्तकातली नव्हे, तर आपण स्वतः फीत लावून मोजलेली : मोटारीच्या पुढच्या टोकापासून कॅराव्हॅनच्या मागच्या टोकापर्यंत, मधला जोडदांडा धरून, मागे सायकली टांगल्या असतील तर त्यांसह, आणि उंची मोजताना छतावरची पेटी, खिडकी नि अँटेना यांसह. बोटीवरची जागा मीटरांच्या हिशेबाने विकली जाते, आणि बंदरावर लांबी अधिक भरली तर फरकाची रक्कम तेथेच भरावी लागते किंवा पुढच्या बोटीची वाट पाहावी लागते.

यानंतर येतो तो विषय, ज्याकडे बहुसंख्य लोक शेवटच्या रात्री वळतात आणि ज्यावर कुटुंबाचे प्राण अवलंबून असतात. तो विषय म्हणजे वजन. ब्रिटनमध्ये रूढ असलेला संकेत असा की, कॅराव्हॅनचे भरलेले कमाल वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावे. मोटार १७०० किलोची असेल तर कॅराव्हॅन १४४५ किलोपेक्षा जड नको. हा कायदा नव्हे. परंतु अनुभवी लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे आणि नवख्याने तर तो मोडण्याचा विचारही करू नये. दुसरी गोष्ट, जोडणीच्या गोळ्यावर कॅराव्हॅनचा पुढचा भाग जो भार टाकतो, तो तिच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, म्हणजे १४०० किलोच्या कॅराव्हॅनला ७० ते ९८ किलो. मात्र मोटारीच्या आणि टो-बारच्या कारखान्याने याहून कमी मर्यादा घातली असेल तर तीच प्रमाण मानावी. हा भार कमी पडला, म्हणजे सामान मागच्या बाजूस अधिक झाले, की वेग वाढताच कॅराव्हॅन शेपटीसारखी डावीउजवीकडे डोलू लागते. अशा वेळी घाबरून ब्रेक दाबणे किंवा चाक उलटसुलट फिरविणे हे संकट ओढवून घेणे होय. चाक स्थिर धरून, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढून, वेग आपोआप उतरू द्यावा हाच उपाय. खरा उपाय अर्थात घरच्या अंगणातला : जड वस्तू खाली आणि आसाच्या आसपास, हलक्या वस्तू वर, आणि अगदी मागे शक्यतो काहीही नाही.

आपल्या घरांत या बाबतीत एक विशेष अडचण असते, आणि ती मी सहानुभूतीने सांगतो. पाहुणचाराची आपली सवय अशी की, पंधरा दिवसांसाठी दहा किलो तांदूळ, पाच किलो कणीक, दोन कुकर, लोणच्याच्या बरण्या आणि 'असू दे' म्हणून घेतलेले बरेच काही कॅराव्हॅनच्या कपाटांत शिरते. चाळीस लिटर पाण्याचे भरलेले भांडे म्हणजे चाळीस किलो. पडवीसारखा जोडावयाचा तंबू वीस ते तीस किलो. कारखान्याने ठरविलेल्या कमाल वजनातून रिकाम्या कॅराव्हॅनचे वजन वजा केले असता जी सवलत उरते, ती पुष्कळदा दीडशे किलोच्या आतबाहेर असते. यास्तव निघण्याच्या आठवडाभर आधी, सर्व सामान भरून, जवळच्या वजनकाट्यावर जाऊन वजन करून घ्यावे आणि मिळालेली पावती जपून ठेवावी. टायरांचे वयही पाहावे. कॅराव्हॅनचे टायर झिजण्यापूर्वीच म्हातारे होतात. पाच वर्षे झाली की बदलण्याचा विचार करावा आणि सात वर्षांपलीकडे ते मुळीच वापरू नयेत. टायरच्या बाजूवर चार अंकी संख्येत घडणीचा आठवडा नि वर्ष कोरलेले असते.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, तो लवकर आटोपू. ब्रिटिश पारपत्र असणाऱ्यांचे पारपत्र प्रवेशाच्या दिवशी दहा वर्षांपेक्षा जुने नसावे आणि परतीच्या दिवसानंतर निदान तीन महिने मुदत शिल्लक असावी. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. भारतीय पारपत्र असणाऱ्यांना ब्रिटनमध्ये राहण्याचा परवाना असला तरी शेंगेन व्हिसा लागतोच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रवासाला पंधरा दिवसांहून कमी उरले असता तो घेतला जाईलच असे नाही; वैद्यकीय विमा निदान ३०,००० युरोंचा हवा; आणि राहण्याच्या जागेचा पुरावा म्हणून तळांच्या आरक्षणाची पत्रे जोडावी लागतात. गाव आधी ठरवा असे मी म्हणतो त्याचे हेही एक कारण. कुटुंबात काहींचे पारपत्र ब्रिटिश नि काहींचे भारतीय असेल, तर व्हिसा हाती पडेपर्यंत बोटीचे तिकीट बदलता येण्याजोगेच घ्यावे. २०२५ च्या ऑक्टोबरपासून हद्दीवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. डोव्हरला ही फ्रेंच तपासणी बोटीत चढण्यापूर्वी इंग्लंडच्याच भूमीवर होते, पोर्ट्समथच्या प्रवाशांची मात्र पलीकडे उतरल्यावर. मोटारीचे नोंदणीपत्र, विम्याचा दाखला, चालकाचा परवाना हे मूळ कागद बरोबर असावेत. कॅराव्हॅनच्या मागे 'यूके' अक्षरांची खूण लावावी, जुनी 'जीबी' ची खूण २०२१ च्या सप्टेंबरपासून चालत नाही. धोक्याचा त्रिकोण, चकाकणारी जाकिटे आणि दिव्यांचा झोत उजव्या बाजूच्या रहदारीस अनुरूप करणाऱ्या पट्ट्या हा सरंजाम बोटीवर नव्हे, घरीच जमवावा.

शिध्याविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण येथे आपल्या मंडळींची फसगत होते. ब्रिटनमधून युरोपीय संघाच्या हद्दीत खाजगी प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. दुधाचे पदार्थ म्हणजे केवळ दूध आणि चीज नव्हे. लोणी, पनीर, दही, श्रीखंड, पेढे, आणि ज्याचा कोणाला संशयही येत नाही असे घरचे कढविलेले तूप, ही सर्व त्यात आली. ताज्या भाज्या नि फळे यांनाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. कढीलिंब, हिरव्या मिरच्या आणि बटाटे घरीच ठेवावे. दळलेले मसाले, पिठे, मेतकूट, पापड हे नेण्यास हरकत येत नाही. बाकीचे तेथे मिळते, आणि बहुधा इंग्लंडपेक्षा चांगले मिळते. प्युई गावची हिरवी मसूर एकदा शिजवून पाहावी, तिला गोडा मसाला विलक्षण मानवतो. लोणी घेऊन कढवावे, तासाभरात तूप तयार होते. शाकाहारी वाचकांना पेरिगोरपुरती एक सूचना : त्या मुलखात स्वयंपाकाचे माध्यम बदकाची वा हंसाची चरबी हे आहे, आणि साध्या दिसणाऱ्या तळलेल्या बटाट्यांतही ती असते, खाणावळीत विचारल्याखेरीज घेऊ नये. अक्रोडाचे तेल आणि तेथील स्ट्रॉबेरी यांविषयी असा संशय बाळगण्याचे कारण नाही.

बंदरावर तासदीड तास आधी पोहोचावे. गॅस सिलिंडरपाशीच बंद करावा, फ्रिज बंद करावा, कॅराव्हॅनमध्ये कोणी मनुष्य ठेवू नये. बोटीच्या उतरणीवर चढताना कॅराव्हॅनचे मागचे टोक अथवा पुढचे लहान चाक जमिनीला घासण्याचा संभव असतो, म्हणून ते चाक पूर्ण वर ओढून घट्ट आवळावे आणि अत्यंत सावकाश चढावे. भरतीओहोटीचा फरक ज्या बंदरी मोठा, तेथे उतरणीचा कोनही बदलतो, आणि सँ-मालोची भरती तर युरोपातील थोरल्या भरत्यांपैकी एक आहे. आत हँडब्रेक लावून, मोटार गिअरमध्ये ठेवून, धोक्याचा भोंगा बंद करून वर यावे. बोट चालू असता गाड्यांकडे जाता येत नाही, तेव्हा मुलांचे औषध, गरम कपडे आणि डबा आधीच हातात घ्यावा.

पलीकडे उतरताच रहदारी उजवीकडून सुरू होते. मनाला हा पालट लवकर समजतो, हाताला वेळ लागतो. म्हणून पहिले काही किलोमीटर शेजारी बसलेल्याने प्रत्येक वळणावर 'उजवीकडे' असे मोठ्याने म्हणावे, आमच्या घरचा हा शिरस्ता अद्याप मोडलेला नाही. वर्तुळाकार चौकात आत फिरत असलेल्या, म्हणजे डावीकडून येणाऱ्या गाड्यांना वाट द्यावी. याउलट जुन्या खेड्यांतून, जेथे कसलीच खूण नसते, तेथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो गल्लीतून ट्रॅक्टरवर का येईना. पिवळ्या चौकटीची पाटी दिसली तर हक्क आपला, आणि तीच पाटी काळ्या रेघेने छेदलेली दिसली की तो संपला. मोटार आणि कॅराव्हॅन यांचे मिळून कमाल वजन साडेतीन टनांवर जात असेल, तर मोटरवेवर ताशी ९० आणि साध्या रस्त्यावर ८० किलोमीटर ही मर्यादा आहे, वस्तीत ५०. जोडगाडीची लांबी सात मीटरांवर असली की वस्तीबाहेर पुढच्या वाहनापासून ५० मीटर अंतर राखावे लागते, आणि तीन पदरी रस्त्यावर अगदी डावा पदर आपल्याला वर्ज्य असतो. ब्रिटिश कॅराव्हॅनचे दार डाव्या अंगास असते. इंग्लंडात ते पदपथाकडे उघडते, फ्रान्सात रस्त्याच्या कडेला थांबल्यास वाहत्या रहदारीकडे. मुलांना हे आधी दाखवून ठेवावे आणि विश्रांतीसाठी रस्त्याची कड न निवडता विश्रामस्थळच निवडावे. मोटरवेवर गाडी बिघडली, तर आपल्या विम्याच्या माणसाला बोलावता येत नाही; नारिंगी रंगाच्या दूरध्वनीवरून कळवावे, कठड्यापलीकडे उभे राहावे, अधिकृत गाडी येऊन ओढून नेते.

ब्रांतोमच्या वाटेवर विस्त्रेआमहून आलाँसों, ल माँ, तूर, प्वातिए असे दक्षिणेस यावे. प्वातिएहून लिमोजकडे जाणारा रस्ता नकाशावर सरळ दिसला तरी तो बराचसा दुपदरी, मालमोटारींनी गजबजलेला आहे. त्याऐवजी आंगुलेमपर्यंतचा चौपदरी, बिनटोलाचा राष्ट्रीय मार्ग धरून तेथून ब्रांतोमकडे वळावे. दिवसाची मजल अडीचशे किलोमीटरांची, फार तर तीनशेची. पहिला मुक्काम ल्वार नदीच्या खोऱ्यात पडतो, आणि येथे एक सावधगिरी : मोठ्या राजवाड्यांची ल्वार नदी वेगळी आणि तिच्या उत्तरेस वाहणारी धाकटी ल्वार वेगळी, उच्चार एकच, लिहिताना मात्र मोठीच्या नावाच्या शेवटी एक अक्षर अधिक. धाकटीच्या काठची खेडी शांत आहेत आणि तळ स्वस्त. पत्ता यंत्रात घालताना अक्षरे मोजून घालावीत.

फ्रान्सच्या ग्रामीण भागाचे खरे वैभव म्हणजे गावोगावच्या नगरपालिकांनी चालविलेले तळ. नदीकाठची हिरवळ, झाडांच्या कुंपणाने वेगळ्या केलेल्या जागा, स्वच्छ न्हाणीघरे, आणि गावाचा चौक पाच मिनिटांच्या चालीवर, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. त्यांपैकी काही तळ दुहेरी आसाच्या कॅराव्हॅनला प्रवेश देत नाहीत, ते आधी विचारून घ्यावे. आणि गावोगाव 'एअर' नावाची जी थांबण्याची ठिकाणे आढळतात, ती मोटरहोमसाठी आहेत, आपल्यासाठी नव्हेत. तळाची कचेरी बारा ते दोन बंद असते, आणि रात्री दहाच्या सुमारास फाटक बंद होते. आमच्या पहिल्या खेपेस मी कॅलेच्या मार्गाने आलो आणि एका दिवसात पाचशे किलोमीटर ओढण्याचा हट्ट धरला. तळाशी पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते, फाटकाला कुलूप होते, आणि आम्ही चौघांनी ती रात्र बाहेरच्या रस्त्यालगत, दिवा न लावता, येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या उजेडाने दचकत काढली. धाकटी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. त्या रात्रीनंतर आम्ही चारच्या आत तळावर पोहोचण्याचा नियम केला.

विजेची जोडणी पुष्कळ ठिकाणी सहा अँपियरची असते, म्हणजे २३० व्होल्टच्या हिशेबाने जेमतेम १३८० वॅट. इंग्लंडातली नेहमीची किटली दोन ते तीन हजार वॅट खाते, ती लावताच वीज जाते; चहा आणि कुकर गॅसवरच ठेवावेत. जुन्या तळांवर फ्रेंच पद्धतीची दोन पिनांची सॉकेटे असतात, त्यांसाठी जोडतुकडा बरोबर घ्यावा आणि विजेच्या तारा उलट जोडलेल्या नाहीत ना हे लहानशा चाचणी-यंत्राने पाहावे. ब्रिटिश सिलिंडर तेथे बदलून मिळत नाही. कँपिंगाझ छापाचा सिलिंडर मात्र दोन्ही देशांत मिळतो. तो नसल्यास दोन आठवड्यांना पुरेल इतका गॅस घरून भरून न्यावा. इंधनाच्या पंपावर 'गाझोल' म्हणजे डिझेल. नावाच्या ध्वनीने पेट्रोल समजून कोणी फसू नये. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी खेड्यांतली दुकाने बंद असतात. पावाची नोंद आदल्या संध्याकाळी कचेरीत करून ठेवली की सकाळी ऊन पाव मिळतो. आणि कोठेही, कोणालाही, काहीही विचारण्यापूर्वी 'बाँझूर' म्हणावे. तो शब्द न उच्चारता प्रश्न करणे हे त्या समाजात उद्धटपणाचे लक्षण मानले जाते, आणि तो उच्चारताच भाषा न येणाऱ्यालाही माणसे मनापासून साहाय्य करतात.

ब्रांतोमला तळ टाकल्यावर कॅराव्हॅन तेथेच ठेवून मोटारीने फिरावे. मोंतिन्याकजवळचे लास्को येथील आदिमानवाच्या चित्रांचे लेणे १९४० साली सापडले आणि चित्रांची हानी होऊ लागल्याने १९६३ साली सामान्य दर्शनार्थींस बंद झाले. आता त्याची संपूर्ण प्रतिकृती पाहावयास मिळते. उत्तरेस लिमोजनजीक ओरादूर-स्यूर-ग्लान आहे, जेथे १० जून १९४४ रोजी नाझी सैन्याने सहाशेंहून अधिक ग्रामस्थांची हत्या केली आणि जळालेले गाव जसेच्या तसे राखले आहे. तेथे मुलांना न्यावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मोठ्यांनी जावे असे मला वाटते.

परतीच्या मजलाही जातानाच्या मजलांइतक्याच आखूड ठेवाव्या. उत्साह ओसरलेला, सामान विस्कटलेले, आणि बोटीची वेळ डोक्यावर, अशा स्थितीत चुका अधिक होतात. शेवटचा मुक्काम बंदरापासून तासाभराच्या आत असावा. फ्रान्समधले चीज, लोणी आणि मांसाचे पदार्थ आदल्या रात्रीच संपवावे, कारण जनावरांच्या लाळ-खुरकुत रोगाच्या भीतीने २०२५ च्या एप्रिलपासून ब्रिटनने ते खाजगी प्रवाशांना आणण्यास मनाई केली आहे.

आता हा लेख वाचून जे प्रथमच निघणार असतील, त्यांना माझी एक विनंती आहे. हाती तीन आठवडे नसतील तर पहिल्या वर्षी ब्रांतोमला जाऊ नका. विस्त्रेआमपासून पन्नास-साठ किलोमीटरवर, ओर्न नदीच्या खोऱ्यात, 'नॉर्मंडीचे स्वित्झर्लंड' म्हणून ओळखला जाणारा कडेकपारींचा लहानसा मुलूख आहे. त्यातल्या क्लेसी गावाजवळ दहा दिवस राहा, उजव्या बाजूच्या रस्त्याची हाताला सवय होऊ द्या, होडीतून नदी पाहा, बाजारहाट करा. तेथून परतीचे बंदर तासाभराच्या वाटेवर आहे.